पाळी जायच्या वयातल्या बायकांशी आरोग्यावर बोलायचं कसं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बचत गटाच्या बैठकीत तुम्ही चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांसाठी दर महिन्याला आरोग्याचा तास ठेवता. डॉक्टर किंवा सिस्टर येतात. चालायला जा, तेल-मीठ कमी करा, दूध प्या असं सांगून जातात. बायका मान डोलावतात, चहा घेतात, घरी जातात. सहा महिन्यांनी बघावं तर कुणाच्याच घरात काही बदललेलं नसतं. मग या बायकांना शिकवायचं काय, ते अंगवळणी पडेल कसं, आणि डॉक्टरांना बोलवायचं का?

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं दवाखान्याबाहेर, अशाच बैठकांमधून या विषयावर बोलत आले आहे. माझं म्हणणं आधीच सांगते. चालणं चांगलं आणि तेलकट वाईट, एवढं या बायकांना तुमच्या-माझ्याइतकंच ठाऊक असतं. अडतं ते दोन ठिकाणी. त्यांना जे रोज छळतंय त्यावर कुणी बोलत नाही. आणि जे करायला सांगितलं जातं त्याची सवड आणि मुभा त्यांना घरात नसते. म्हणून आहाराचा तक्ता बाजूला ठेवा. पहिली बैठक रक्तस्रावावर घ्या.

त्याआधी वयाचा घोळ मिटवा. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी थांबते. पाश्चात्त्य देशांत हेच वय ५१ च्या आसपास आहे. थांबण्याआधीची चार-पाच वर्षं, कुणाची त्याहूनही जास्त, ही गडबडीची वर्षं. म्हणजे हा विषय बेचाळीस वर्षांच्या बाईचा आहे. आपल्या पोस्टरवर मात्र पांढऱ्या केसांच्या आजीबाई असतात. ते चित्र बघून बेचाळीसवाली म्हणते, "माझं अजून चालू आहे, हे माझ्यासाठी नाही." तुमच्या फळ्यावर "रजोनिवृत्ती" असं लिहूच नका. "पाळी मागं-पुढं व्हायला लागली आहे का?" एवढा प्रश्न लिहा.

मग कारण सांगा, कारण ते समजलं की बायका लक्षात ठेवतात. या वयात इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयातून येणारं बाईचं मुख्य हॉर्मोन, हळूहळू उतरत जातं असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते काही वर्षं वर-खाली हेलकावत असतं. ज्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तराला आवर घालणारं दुसरं हॉर्मोन, तयार होत नाही. गर्भाशयाचं अस्तर वाढतच राहतं आणि मग दोन महिन्यांनी पाळी येते ती गाठी-गाठींनी, आठ-दहा दिवस चालणारी. बायकांचा समज असतो की साठलेलं खराब रक्त आहे, जाऊ द्यावं, अंग हलकं होतं. हा समज मोडणं हे पहिल्या बैठकीचं मुख्य काम. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. त्यात चाळिशीतलं हे वाढलेलं अंगावरून जाणं मिळालं की हिमोग्लोबिन सातवर येतं. जिना चढताना धाप लागते, आणि घरचे म्हणतात वय झालं.

कोणतं रक्त जाणं डॉक्टरला दाखवायचं, हे त्यांच्याकडून पाठ करून घ्या. पाळी सात दिवसांच्या पुढे जाते. तासाभरात पॅड किंवा कापड भिजून बदलावं लागतं आणि तसं दोन-तीन तास चालतं. मोठ्या गाठी पडतात. दोन पाळ्यांच्या मधेच डाग लागतो. संबंधानंतर रक्त जातं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: बारा महिने पाळी आली नाही, आणि मग एखादा थेंब जरी दिसला तरी. शेवटच्या बाबतीत बायका फसतात. त्यांना वाटतं पाळी परत आली, शरीर अजून तरुण आहे. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर पहिल्यांदा असाच दिसतो. त्यामुळे हे "बघू पुढच्या महिन्यात" म्हणण्याचं लक्षण नाही.

आता पिशवीचा, म्हणजे गर्भाशय काढून टाकण्याचा विषय. तो तुम्ही काढला नाही तरी निघेलच. "मुलं झाली, आता पिशवीचं काय काम? ठेवली तर कॅन्सर होईल" हे वाक्य तुमच्या बैठकीतल्या निम्म्या बायकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. बीडच्या ऊसतोड कामगार महिलांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२ हजारांवर महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, आणि त्यात तिशीतल्याही होत्या. तोडीवर पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर पैसे कापले जातात, शौचालय नाही, पाणी नाही. अशा वेळी पिशवी काढणं हा त्या बाईला सुटकेचा मार्ग वाटला तर दोष तिला कसा द्यायचा?

बैठकीत एवढंच ठामपणे सांगा: जास्त अंगावरून जाण्यावर गोळ्या आहेत, तांबीसारखंच आत बसवायचं हॉर्मोनचं साधन आहे, आणि पंचेचाळिशीच्या पुढे अस्तराचा तुकडा तपासून मग पुढचं ठरवायचं असतं. शस्त्रक्रिया काही जणींना खरोखर लागते, तिला मी विरोध करत नाही. पण पहिल्याच भेटीत, एका सोनोग्राफीवर कुणी तारीख दिली तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती एका रात्रीत येते. पंचेचाळिशीच्या आत असं झालं की हाडांचा ठिसूळपणा आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. "अंडाशय ठेवणार का?" हा प्रश्न डॉक्टरला विचारायला शिकवा. मोठ्याने म्हणवून घ्या, कारण दवाखान्यात गेलं की आवाज फुटत नाही.

पहिल्या बैठकीचा गृहपाठ एकच. स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असतंच. त्यावर दुधाचा हिशोब, गॅसची टाकी लावल्याची तारीख लिहिलेली असते. तिथेच पाळी आली की टिंब, जास्त गेलं तर दोन टिंबं. तीन महिन्यांनी ते पान घेऊन आलेली बाई डॉक्टरला जे दोन मिनिटांत सांगू शकते, ते नोंद न ठेवणारीला वीस मिनिटांत सांगता येत नाही.

नोंदीबरोबर आणखी एक गोष्ट बाहेर येते: पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. गणपती, नवरात्र, घरातलं लग्न, वारी. मेडिकलमधून न विचारता आणतात, कधी जावेच्या उरलेल्या खातात. तरुण, निरोगी बाईने क्वचित एकदा डॉक्टरला विचारून घेणं वेगळं. चाळिशीत, वजन जास्त आणि बीपी असताना, आधीच पाळी बेताल असताना या गोळ्या घेतल्या तर खऱ्या आजाराचं लक्षण झाकलं जातं. पायात पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल तर धोका आणखी वेगळाच. यावर धार्मिक वाद घालू नका, त्यात बैठक मोडते. "गोळी घेण्याआधी सिस्टरला विचारा" एवढ्यावर राहा.

ही बैठक नीट झाली की पुढच्या वेळी बायका आपण होऊन बोलू लागतात. मग येतात गरम वाफा, रात्रीचा घाम, छातीत धडधड, झोपमोड. इथे माझी एक कळकळीची विनंती आहे: खोटी आश्वासनं देऊ नका. चालल्याने वाफा जातात असं सांगितलं जातं, पण तसा भक्कम पुरावा नाही. चालण्याने झोप सुधारते, मन हलकं राहतं, साखर आटोक्यात येते. वाफा जातील म्हणून चालायला लागलेली बाई वाफा गेल्या नाहीत की तिसऱ्या आठवड्यात चालणं सोडते, आणि तुमच्यावरचा विश्वासही. वजन जास्त असेल तर ते उतरल्यावर वाफा कमी होतात, हे खरं. संध्याकाळनंतरचा कडक चहा आणि रात्रीचं झणझणीत जेवण थोडे दिवस बंद करून बघायला सांगा, सुती कपडे, उशाशी ओला टॉवेल. त्याने भागलं नाही तर डॉक्टर. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसताना, दुसरा मोठा आजार नसलेल्या बाईला हॉर्मोनचे उपचार देता येतात आणि वाफांवर त्यांच्याइतका गुण दुसऱ्या कशाचा नाही. स्तनाचा कॅन्सर किंवा गुठळी होऊन गेलेल्या बाईला ते चालत नाहीत. ते कुणाला द्यायचे हे ठरवणं आपलं काम नाही, पण त्यांची उगाच भीती घालणंही आपलं काम नाही.

ज्यासाठी खरं तर हा सगळा खटाटोप, ते बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि हाडं बाईला जाणवतच नाहीत. शेवटच्या पाळीच्या आसपासच्या वर्षात वाईट कोलेस्टेरॉल झपाट्याने चढतं. हाडं सर्वांत वेगाने झिजतात ती त्या पाळीच्या आधीच्या एका वर्षापासून नंतरच्या दोन वर्षांपर्यंत. याचं भाषण केलंत तर कुणी ऐकणार नाही. बैठकीतच मोजा. बीपीचं मशीन आणि शिंप्याची टेप पुरते. कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर गेली की पोटाच्या चरबीने आत काम सुरू केलंय असं समजायचं. मापं मोठ्याने वाचू नका. चिठ्ठीवर लिहून जिची तिला द्या. तिशीच्या पुढच्या प्रत्येकीचा सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका ओळखायची सरकारी प्रश्नावली) आशाताई भरतातच. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात, बीपी-साखरेबरोबर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणीही मोफत होते. गर्भाशयमुखाची तपासणी तिशी ते पासष्टी दर पाच वर्षांनी करायची असते. एकेकटीला जा म्हटलं तर कुणी जात नाही. गटाने वार ठरवून आठ जणी एका रिक्षात बसल्या की जातात.

आहाराकडे आता वळू. पोषणाचा प्रश्न बऱ्याचदा ताटात काय आहे यापेक्षा कोण केव्हा जेवतं यात असतो. घरात डाळ शिजते, पण सगळ्यांचं झाल्यावर हिच्या वाट्याला पातेल्याच्या तळाशी पाणी घालून वाढवलेली आमटी येते. पंचावन्न किलोच्या बाईला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ती भाकरी, ठेचा आणि पातळ आमटीतून निघत नाहीत. मी एकच गोष्ट मागते: स्वयंपाक झाला की घट्ट वरणाची किंवा उसळीची एक वाटी स्वतःसाठी आधी काढून झाकून ठेवा. "दूध प्या" म्हणताना तर मला स्वतःलाच संकोच वाटतो. दारात दोन म्हशी असतात, सकाळी किटली डेअरीला जाते, उरलं ते नातवाला, आणि हिच्या वाट्याला चहापुरतं. एक कप दही किंवा दोन ग्लास ताक घरात राहील का, याची बोलणी करा.

कॅल्शियम दिवसाला हजार मिलिग्रॅम, पाळी गेल्यावर बाराशे. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या वर मिळतं, म्हणून सगळीकडे नाचणी सांगितली जाते. कोकणात, मावळात, कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर ते ठीक. धाराशिव-लातूरकडच्या बाईला ज्वारी सोडून नाचणी खा म्हणणं म्हणजे तिला दुकानात पाठवणं. तिकडे तिळाची चटणी (दोन चमच्यांत शंभराच्या पुढे), हुलग्याचं माडगं आणि बांधावरच्या शेवग्याचा पाला सांगा. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. पाच माणसांच्या घरात महिन्याला किती पिशव्या येतात हे विचारा, आकडा त्या स्वतःच काढतात आणि हसतात. उपवास सोडा असं कधीच म्हणू नका. चतुर्थी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्राचे नऊ दिवस. साबुदाण्याच्या खिचडीऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिरा, ताक, फळ. हे त्या आनंदाने मानतात, कारण यात काही मोडावं लागत नाही. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, हे मात्र प्रत्येक वेळी सांगावं लागतं.

व्यायामावर बोलताना समोर कोण बसलंय ते आधी बघा. भांगलण करून, वैरणीचा भारा डोक्यावर आणून आलेल्या बाईला "रोज अर्धा तास चाला" म्हणणं तिला टोमण्यासारखं लागतं. तिला पाठीला ताण देणाऱ्या दोन-तीन हालचाली, ओझं उचलताना गुडघ्यात वाकणं, आणि दुपारी पंधरा मिनिटं आडवं होण्याची परवानगी हवी. शिलाई मशीनवर बसणारी, अंगणवाडीतली, दुकान सांभाळणारी बाई वेगळी. तिला आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताकदीचा व्यायाम लागतो. "घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे" हे वाक्य टाळा. अर्धवट खरं आहे आणि पूर्ण अपमानकारक. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं, भिंतीला हात लावून ढकलणं. बैठकीतच करून घ्या. हात न टेकता उठता येत नाही हे कळल्यावर पंचेचाळीस वर्षांच्या बाईच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते माझ्या कुठल्याही भाषणाने उमटलेलं नाही.

मिश्रीबद्दल कुणी विचारत नाही म्हणून बायकाही सांगत नाहीत. "तंबाखू खाता का?" म्हटलं की नाही म्हणतात, आणि ते त्यांच्या लेखी खरं असतं, दात घासायला मिश्री लावणं त्या तंबाखूत धरतच नाहीत. "मिश्री किती वेळा लावता?" असं विचारा. सकाळी एकदा अशी सुरू झालेली सवय पुढे जेवणानंतर, संडासला जाताना, कंटाळा आला म्हणून अशी पाच-सहा वेळांवर जाते. तंबाखूने पाळी लवकर जाते, हाडं झिजतात, तोंडाचा कॅन्सर होतो. एकदम सोडा म्हटलं तर डोकं दुखतं, पोट साफ होत नाही आणि चौथ्या दिवशी पुन्हा डबी उघडते. दर आठवड्याला एक वेळ कमी करत आणा, शेवटी सकाळची सोडा.

शिंकताना लघवी निसटणं, अंग बाहेर येणं, संबंधाच्या वेळी कोरडेपणा आणि दुखणं हे विषय तीस जणींत निघणार नाहीत. पाच-सहा जणी, दार लोटलेलं, आणि शक्यतो ज्यात सासू-सून एकत्र नाहीत असा गट. लघवी निसटण्यावर व्यायाम शिकवा: लघवी धरून ठेवल्यासारखं आतून आवळायचं, पाच मोजायचं, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करायचा नाही. फरक पडायला तीन महिने लागतात, हे आधीच सांगा.

मनाचंही याच छोट्या गटात निघतं. चिडचिड, रडू येणं, कशात जीव न लागणं या वयात वाढतं, आणि आधी कधी नैराश्य येऊन गेलेल्या बाईला ते परत येण्याची शक्यता जास्त असते. "जगून काय करायचं" असं कुणी बोलली तर ते पाळीवर ढकलू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं; बैठक संपल्यावर तिच्याशेजारी बसून तिथल्या तिथे लावून द्या आणि त्या दिवशी तिला एकटी सोडू नका.

आता कसं शिकवायचं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, तेव्हा गावातल्या न शिकलेल्या बायकांनाच आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्यातून मी एवढंच उचललंय: शेजारणीने सांगितलेलं टिकतं. तुमच्या गटात एखादी असेलच जिने मिश्री सोडली किंवा बीपीची गोळी नियमित घेते. दहा मिनिटं तिला बोलू द्या, तुम्ही फक्त चुकलं तिथे दुरुस्त करा. शेवटी "समजलं का?" असं विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. "घरी गेल्यावर जावेला यातलं काय सांगाल?" असं विचारा, काय पोचलं आणि काय नाही ते लगेच कळतं. प्रत्येकीने एकच बदल निवडायचा, तोही स्वतःच्या हातात असलेला, आणि एका जोडीदारणीला सांगायचा. एका वेळी पाच बदल ठरवणारी बाई सहसा एकही करत नाही.

घरच्यांना वगळून यातलं काही होत नाही. वर्षातून दोनदा पुरुषांशी बोला, वेगळी सभा न बोलावता ग्रामसभेत पंधरा मिनिटं मागून घ्या. त्यांना रक्तक्षय आणि दवाखान्याचा खर्च ही भाषा समजते. "बायको चिडकी झाली" अशी तक्रार कुणी हसत केली तर तिथूनच धागा पकडा. सासवांशी बोलणं त्याहून सोपं असतं, कारण त्यांनी हे सगळं कुणाला न सांगता काढलेलं असतं.

सहा महिन्यांनी वजनं मोजून निराश होऊ नका. किती जणींच्या कॅलेंडरवर टिंबं आहेत, कितींनी बीपी तपासून गोळी सुरू केली, किती जणी रक्तस्रावासाठी वेळेत गेल्या, कितींची मिश्री निम्म्यावर आली, हे वहीत लिहा.

आणि डॉक्टरांना बोलवायचं का, असंही तुम्ही विचारलंय. बोलवा, पण तिसऱ्या बैठकीला. तोवर बायकांकडून नाव न लिहिता चिठ्ठ्या गोळा करा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं तुम्ही लिहून घ्या. चिठ्ठ्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडे पोचवा आणि स्पष्ट सांगा, भाषण नको, या प्रश्नांची उत्तरं द्या. बाईच डॉक्टर मिळाल्या तर उत्तम. नसतील तर त्या दिवशी सिस्टरला शेजारी बसवा.